पाठीवरचा नऊ

आजच्या सामन्यात वीस गुण केले तर शिडीला आणखी एक वर्षाचा करार, गुडघ्यावर क्लबतर्फे उपचार आणि बसमध्ये पाय लांब करता येतील अशी जागा मिळणार होती. एकोणीस झाले तर हातात नारळ. चौतिसाव्या वर्षी बास्केटबॉलवर पोट भरणाऱ्या बाईला मॅनेजर याहून जास्त काही देऊ करत नाही. शिडी हे नाव इमारतीने ठेवलेलं. माळ्यावरचे डबे काढायला तिलाच हाक मारायचे.

आदल्या दिवशी धुण्यात तिच्या जर्सीच्या पाठीवरचा सहाचा आकडा निघाला. वडील म्हणाले, "मी घरात असताना शिंपी कशाला?" चष्मा कपाळावर ठेवून त्यांनी असा आकडा शिवला, की जर्सी फाटेल पण तो सुटायचा नाही. फक्त खालची बाजू वर करून शिवला, आणि इंग्रजी सहाचा नऊ झाला. शिडीने घाईत जर्सी अंगात घातली. स्वतःची पाठ कुणाला दिसते?

संघात खरी नऊ नंबरची होती ती सगळ्यांत लहान पोर, जिला सगळ्या धाकटी म्हणायच्या. वर्षभर बाक ऊबदार ठेवण्याचं काम तिच्याकडे. गुण लिहायला गणिताच्या निवृत्त बाई, आणि त्यांच्या कोपऱ्यातून दिसायच्या फक्त पाठी. शिडीने जीव तोडून खेळावं आणि बाईंनी ते नऊच्या खाती मांडावं, असं शेवटच्या मिनिटापर्यंत चाललं.

"नऊ नंबर, पाच फाउल. बाहेर," बाईंनी माइकवर सांगितलं.

बाकावरून धाकटी उठली. "बाई, मी बाहेरच आहे."

"उलट बोलू नकोस. आणखी बाहेर जा."

ती बिचारी दारापर्यंत गेली. मग पंचांनी शिडीला पाठमोरी केली आणि घोळ उघडा पडला. बाईंनी नऊचं सगळं खोडून सहाच्या नावावर घेतलं: गुण एकोणीस, फाउल पाच. पेनाला टोपण लावत म्हणाल्या, "एका कागदावर एकच खाडाखोड. चाळीस वर्षांचा नेम आहे माझा."

शिडी बाकावर येऊन बसली. संघ एका गुणाने मागे, तीही एका गुणाने मागे. तिच्या जागी दारातून धाकटी आली, आणि शेवटच्या क्षणी तिने डोळे मिटून फेकलेला चेंडू जाळीतून खाली पडला. सामना जिंकला. बाईंनी तिच्या पाठीवरचा नऊ पाहिला, शहाण्यासारखी मान डोलावली आणि दोन गुण सहाच्या नावावर टाकले.

शिडी धावत गेली. "अहो बाई, मी बाकावर होते. ही खरी नऊ."

"एकदा फसले. आता नाही." टोपण लागलेलं होतं.

एकवीस गुण बघून मॅनेजरने करार पुढे केला. शिडीचा हात पुढे होईना.

"अगं, तुझे दोन आहेत यात," ती धाकटीला म्हणाली.

"ताई, तुझे पाच फाउल घेऊन मी दारापर्यंत जाऊन आले. दोन गुणांचं काय एवढं? तो मागे वळून शॉट टाकतेस ना, तेवढा शिकव."

"पहाटे साडेपाचला येशील?"

"तू उठशील का ते बघ."

तेव्हा कुठे शिडीने सही केली. यात दोन गुण गेले धाकटीचे आणि वर्षभराची साखरझोप गेली शिडीची. वडिलांचा गेला हातभर दोरा, पण इमारतीत ते सगळ्यांना सांगत होते, "लेकीचा करार ना? मीच शिवला."