उघड्या जीपवरचा टॅग

"एकदा का मी लावला, की प्रलय आला तरी हा टॅग माझ्या जीपवरून हलायचा नाही!"

इझिकेलकाका वाकरुळकरांनी ही घोषणा केली तेव्हा सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्यांची बायको शुलामिथकाकू, शेजारचा शार्दूल आणि एक मांजर एवढेच श्रोते होते. मांजर लगेच उठून गेलं. बाकीचे दोघं राहिले, कारण दोघांचाही त्या जीपमध्ये जीव अडकला होता. अर्थात, वेगवेगळ्या कारणांनी!

जीप कसली, लोखंडाचा हट्ट होता तो! वर टप नाही, बाजूला दारं नाहीत आणि पुढची काच बॉनेटवर आडवी झोपलेली. काच उभी करायची सोय होती, पण काका ती कधी उभी करत नसत. "उघडी जीप म्हणजे उघडी! काच लावून फिरायचं तर रिक्षा काय वाईट?" असा त्यांचा सवाल असे. पनवेलमधले त्यांचे भाऊ, पुतणे एकेक करून इस्रायलला गेले, शेवटी पोटचा मुलगा इलानसुद्धा. काका तेवढे गेले नाहीत. कुणी कारण विचारलं तर सांगत, "जीप विमानात घेत नाहीत." हसण्यावारी नेलं तरी ते खरंच होतं. याच जीपच्या मागच्या सीटवर उभा राहून इलान लहानपणी सगळ्या गावाला टाटा करायचा, आणि ती सीट काकांनी अजून बदलली नव्हती.

तर अशा जीपला टोलचा टॅग लावायचा कुठे? नियम म्हणतो, पुढच्या काचेला, आतून. काका म्हणतात, काच झोपलेली आहे, तिला उठवू नका! पहिला टॅग आडव्या काचेवर लावला, तो उन्हात पापडासारखा फुगला. दुसरा पावसात सुटला आणि पळस्प्याच्या पुढे वाऱ्यावर उडून गेला. काका मागे पळाले, मागच्या गाड्या काकांच्या मागे थांबल्या, आणि टॅग शेतात चरणाऱ्या एका म्हशीने तोंडात धरला. पुढचं सांगत नाही, म्हशीला काही झालं नाही एवढंच सांगतो.

तिसरा टॅग काकूंनी सरळ हातात धरला. टोलवर आल्या की आरती ओवाळावी तसा वर करायच्या. तर तिथल्या माणसाने तंबी दिली, "हातातला टॅग चालत नाही काकू. गाडीला घट्ट चिकटवा, नाहीतर काळ्या यादीत टाकावं लागेल." सगळ्यांसमोर! काळ्या यादीत! आयुष्यभर शाळेत हेडबाई असलेल्या काकूंचा चेहरा असा झाला की विचारू नका. घरी येताच त्यांनी शार्दूलच्या देखत सांगून टाकलं, "परत एकदा या टॅगपायी टोलवर अडलात ना, तर ही जीप शार्दूलची! एलियाहू हन्नाबी पैगंबराची शपथ!"

आता शार्दूलला जीप कशाला हवी होती, तर कॅफेसाठी. उरण रस्त्यावर तो कॅफे काढणार होता. इंजिन काढून टाकायचं, जीप दारात उभी करायची, मागच्या सीटवर गिऱ्हाइकांनी बसून मिसळ खायची आणि बॉनेटमध्ये मनीप्लांट लावायचा! ते ऐकलं त्या दिवशी काकांना जेवण गेलं नव्हतं. पण माणूस हट्टी. बायकोने शपथ घातली म्हटल्यावर मिशीला पीळ देऊन म्हणाले, "मंजूर!"

आणि मग ही घोषणा.

काकांनी सारी नोकरी गोदीच्या वर्कशॉपमध्ये लाकडी साचे बनवण्यात घातलेली. त्यांनी डोकं लढवलं. आमच्या वाचकांपैकी कुणी बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यूंच्या, घरात गेलं असेल तर ठाऊक असेल, दाराच्या उजव्या चौकटीवर तिरकी लावलेली एक अरुंद डबी असते. तिला म्हणतात मेझुझा. आत प्रार्थना लिहिलेली चामड्याची गुंडाळी. येता-जाता तिला बोटं टेकवायची आणि ओठांना लावायची. "हजारो वर्षं झाली," काका म्हणाले, "कुणाची मेझुझा वाऱ्याने उडाल्याचं ऐकलंय? म्हशीने खाल्ल्याचं ऐकलंय? का? कारण ती डबीत असते आणि डबी ठोकलेली असते! टॅगलाही तेच करायचं. पत्र्याची डबी नको, पत्र्यातून लहरी जात नाहीत. सागवान!"

घरच्या मेझुझाची डबी तडकलेलीच होती, आणि नात नोगाने तिकडून नवी गुंडाळी पाठवली होती. म्हणून काकांनी एका फळीतून दोन डब्या केल्या. एकीत मेझुझा, दुसरीत टॅग. चोराला खिळा दिसू नये म्हणून खिळे आत बुडवले, वर लाख भरली, लाखेवर पॉलिश! दोन्ही डब्या दिसायला अगदी सारख्या; मेझुझाच्या डबीवरचं खुणेचं अक्षर नंतर कोरू म्हणाले. 'नंतर' या शब्दावर काकांचं फार प्रेम. मग दोन्ही डब्या गॅलरीत सुकत ठेवल्या. अचानक सर आली म्हणून काकूंनी त्या पटकन आत आणल्या, आणि संध्याकाळपर्यंत एक दारावर आणि एक जीपच्या काचेच्या चौकटीवर पक्की बसली.

त्यानंतरचा महिना काकांचा होता! ज्या जीपला रोज सकाळी तिघांनी ढकलावं लागे, ती एका चावीत सुरू व्हायला लागली. बाजारातून जाताना रिक्षावाले आपणहून वाट देत. "डबीचा गुण!" काका छाती पुढे काढून सांगत. काकूंचं मात्र घराबद्दल वेगळं मत झालं होतं. रोज दाराशी डबीला हात लावून ओठांना लावत, पण म्हणत, "नवी मेझुझा लावल्यापासून कसला खर्च निघतोय हो! गीझर गेला, फ्रिज गेला, जो आत येतो तो काहीतरी घेऊनच बाहेर पडतो!"

महिनाभर टोलकडे जायचं काम पडलं नव्हतं, पण शेवटी परीक्षेचा दिवस आला. नोगा तिकडे डॉक्टरीची परीक्षा पास झाली होती, आणि काकूंनी अलिबागकडच्या बहिणीकडे मलिदा करायचा नवस बोलला होता. ठेवणीतली साडी, मांडीवर फळांची टोपली, मलिद्याच्या गोड पोह्यांचं पातेलं, पातेल्यावर ताट आणि ताटावर दोन्ही हात. मागच्या सीटवर साक्षीदार म्हणून शार्दूल! खिशात टेप घेऊन आला होता मेला. वाटेत सीटची मापं घेत होता.

टोलनाका आला. काकांनी डबीवर दोन थापा मारल्या आणि जीप ऐटीत फाटकाशी नेली.

फाटक हललं नाही.

"काका, थोडं मागे घ्या," खिडकीतली मुलगी म्हणाली. छातीवर नाव होतं, मनस्वी. जीप मागे. जीप पुढे. फाटक ढिम्म! काकांनी, कधी नव्हे ते, काच उभी केली. तरी नाही. मनस्वी हातातलं मशीन घेऊन खाली उतरली आणि डबीवर चारही बाजूंनी फिरवलं.

"काका, मशीन म्हणतंय टॅगच नाहीये."

"मशीन खोटं बोलतंय!"

"मशीन कसं खोटं बोलेल?"

"मग मी बोलतोय? या वयात?"

"तसं नाही काका. तुम्ही दुप्पट भरा आणि पुढे व्हा ना."

दुप्पट! काका सीटवर उभे राहिले. जिथे उभा राहून इलान टाटा करायचा, बरोबर त्याच्या पुढच्या सीटवर. "दुप्पट काय, अर्धा पैसा जास्त देणार नाही! माझ्याकडे टॅग आहे, टॅगमध्ये बॅलन्स आहे आणि टॅगवर सागवान आहे! बोलवा तुमच्या साहेबाला! त्याच्या साहेबाला बोलवा!"

मागे रांग लागली. हॉर्न सुरू झाले. मागच्या ट्रकवाल्याने डोकं बाहेर काढलं. "ओ बाबा, गारी हालवा ना! आमाला काय कामं नाय?"

"तुम्हाला काम आहे, मला तत्त्व आहे!" काका ओरडले.

"मंग तत्त्व बाजूला लावा, आमी जातो!"

"अहो, बसा खाली," काकू दातओठ खात म्हणाल्या. पोह्यांवर धूळ बसत होती.

"काका," शार्दूल मागून हळूच म्हणाला, "शपथ…"

त्या एका शब्दाने काका गार पडले. त्यांना बॉनेटमधून वर चढणारा मनीप्लांट दिसला. इलानच्या सीटवर बसून कुणीतरी मिसळीचा रस्सा सांडताना दिसलं. त्यांचे डोळे भरून आले, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून ते आणखी जोरात ओरडले, "उघडा डबी! आत टॅग निघाला तर मशीनने माझी माफी मागायची!"

पण उघडणार कशी? खिळेच सापडेनात! चोरासाठी केलेला बंदोबस्त धन्यालाच नडला. मनस्वीने पेचकस आणला, तो वाकला. शेवटी ट्रकवालाच टायर खोलायची लोखंडी टामी घेऊन उतरला. "काय ठोकलाय का काय ओ! घराची चौकट उखरायची तरी सोप्पी," असं म्हणत त्याने एक हिसका दिला. सागवान कडाडलं. डबी उघडली.

आतून चामड्याची एक छोटी गुंडाळी बाहेर पडली.

मनस्वीने ती उलगडून पाहिली. "काका, हा कुठल्या बँकेचा टॅग आहे?"

काकू कमरेतून वाकल्या, बघितलं आणि पटकन पदर डोक्यावर घेतला. "देवा रे! ही तर मेझुझा!"

काकांचं तोंड उघडंच राहिलं. पण हार मानेल तो वाकरुळकर कसला! दुसऱ्या क्षणाला त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज चढलं की शार्दूलने भीतीने टेप खिशात टाकला.

"ऐक, शुली! तुझी शपथ काय होती? टॅगपायी अडलो तर! इथे टॅग आहेच कुठे? आपण मेझुझापायी अडलो! आणि दुसरं, मेझुझा कशाला लावतात? घराला! महिनाभर जिच्या चौकटीला मेझुझा होती, ते घरच झालं. आणि घराच्या बॉनेटमध्ये मनीप्लांट लावू द्यायचा? लोकांना मिसळ चारायची? सांग!"

काकूंनी जीपकडे पाहिलं. मग मागच्या सीटकडे पाहिलं. "शार्दूल," त्या म्हणाल्या, "खाली उतर बाळा. दुसरी जीप बघ तू."

"पण काकू, शपथ…"

"शपथ माझी आहे, तिचा अर्थ मी सांगेन!"

काकांनी ट्रकवाल्याला मिठी मारली. मनस्वीने टाळ्या वाजवल्या. काका या आनंदात दुप्पट टोल भरायलासुद्धा तयार झाले, यावरून काय ते समजा. त्यांनी चावी फिरवली. जीप सुरू झाली नाही, पण तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

काकूंचं होतं. त्या गुंडाळी ओंजळीत घेऊन बसल्या होत्या. मग त्यांनी उजवा हात वर केला आणि स्वतःच्या बोटांच्या टोकांकडे नीट पाहिलं.

"अहो."

"काय गं?"

"ही इथे आहे, तर मग आपल्या दारावर काय आहे?"

काकांनी फाटकाकडे पाहिलं. ट्रककडे पाहिलं. आभाळाकडेही पाहिलं.

"महिनाभर मी येता-जाता त्याला हात लावून ओठांना लावतेय! तुमची बहीण आजारातून उठून त्याच्यापुढे डोळे मिटून उभी राहिली! प्रार्थनालयातले रब्बी येऊन गेले, त्यांनी दोन्ही हात टेकवले! काय होतं त्या डबीत?"

"पण शुली," काका चावीशी खेळत अगदी हळू आवाजात म्हणाले, "बॅलन्स फुल होता गं."