एका चिखल्याचा एकच फोटो

बायको चिकटपट्टीचा तुकडा दातांनी तोडत होती आणि फोटोग्राफर तोंड पुढे करून मुकाट्याने उभा होता. सकाळचे साडेसहा वाजले होते. समोर ओहोटीने उघडी पडलेली खाडी पसरली होती, चिखलात इवलेसे पक्षी तुरुतुरु धावत होते, आणि स्वतःचं तोंड बंद करून घ्यायची ही वेळ त्याच्यावर त्याच्याच जिभेमुळे आली होती.

एकतीस वर्षं तो आपल्या दुकानात ओळखपत्राचे फोटो काढत आला होता. 'मान सरळ, हनुवटी खाली, हलू नका... रेडी!' एवढं म्हटल्याशिवाय त्याचं बोट बटण दाबतच नसे. माणसांना ते चालायचं. चिखल्या नावाच्या त्या चिमुकल्या पक्ष्यांना मात्र ते अजिबात मान्य नव्हतं. गेले चार दिवस तो कोपरं सोलवटून घेत, पोटावर सरपटत त्यांच्याजवळ जात होता आणि ऐन वेळी 'रेडी!' असं ओरडून सगळा थवा स्वतःच उडवून लावत होता. लांबून टिपणारं मोठं भिंग त्याच्याकडे नव्हतं. होतं ते स्टुडिओतलं, सहा फुटांवरच्या स्टुलावर बसलेल्या गिऱ्हाइकासाठी घेतलेलं.

"अहो, मिशीवर लागणार ही," बायको म्हणाली.

"लागू दे. घट्ट लाव."

"आणि शिंक आली तर?"

"आज संध्याकाळी पाचला मुदत संपतेय. शिंकबिंक सगळं उद्या."

मुदत होती छायाचित्रकार मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनाची. विषय होता, किनाऱ्यावरचे पक्षी, अगदी जवळून, नैसर्गिक प्रकाशात. बावीस वर्षं तो मंडळाचा सभासद होता. या बावीस वर्षांत त्याने प्रदर्शनाच्या भिंतींना खिळे ठोकले, इतरांचे फोटो सरळ लावून दिले, पण त्याचा स्वतःचा एकही फोटो त्या भिंतीवर चढला नव्हता. मंडळात त्याला सगळे 'पासपोर्ट' म्हणत. "पासपोर्ट, जरा शिडी धर रे," असं चिटणीस म्हणाले की तो हसून शिडी धरायचा. त्या रात्री त्याला जेवण जात नसे, हे फक्त बायकोला ठाऊक होतं.

"आता नीट ऐक," तो म्हणाला. "काहीही झालं तरी हाक मारायची नाही. मी हात हलवला की समजायचं, तू पक्ष्यांना दिसतेयस. लगेच खाली बसायचं."

"आणि जोरात हलवलात तर?"

"तर आडवं व्हायचं."

बायकोने मान डोलावली आणि पट्टी या गालापासून त्या गालापर्यंत दाबून बसवली. मग ती उपड्या पडलेल्या एका होडीजवळ थर्मास घेऊन बसली.

सुरुवात झकास झाली. फोटोग्राफर जुन्या मातकट पडद्याखाली बेताबेताने सरपटत गेला. थवा वीस फुटांवर आला, मग पंधरा. अजून थोडं जवळ जावं म्हणून तो गुडघ्यावर उठला आणि उजवा गुडघा आत गेला. तो काढायला डावा रोवला, तर तो मांडीपर्यंत गेला. तिथला चिखल वरून चांगला घट्ट दिसत होता, पण आत नुसती खीर होती. एका हातात कॅमेरा उंच धरून त्याने दुसऱ्या हाताने आजूबाजूचा चिखल उपसून पुढे भिरकावायला सुरुवात केली. दहा मिनिटांत त्याच्यापुढे चांगला ढीग जमला आणि तो स्वतः कमरेपर्यंत खाली गेला.

तेवढ्यात पाण्याची एक पातळ जीभ ढिगाला चाटून गेली. भरती लागली होती.

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने बायकोच्या दिशेने हात हलवला. बायको चटकन खाली बसली. त्याने आणखी जोरात हलवला. ती होडीमागे आडवी झाली. मग तो दिसेल त्या दिशेला खुळ्यासारखा हात फिरवत सुटला, तेव्हा बाहेर राहिलेला तिचा पायसुद्धा होडीआड गेला. संसारात तिने त्याचं इतकं तंतोतंत कधीच ऐकलं नव्हतं. नेमका आजचाच मुहूर्त तिला सापडला होता.

त्याने पट्टी उपटून पाहिली. बोटं चिखलाने बुळबुळीत झाली होती; पट्टी जेमतेम अर्धा इंच निघाली आणि मिशीचे चार केस घेऊन आली. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. मग ते केसांमुळे वाहतंय की कशामुळे, हे त्याचं त्यालाही कळेना. आपण आता बुडणार, असं त्याला खरोखरच वाटलं. मंडळात शोकसभा होईल. हार घालून त्याचा फोटो लावतील. म्हणजे बावीस वर्षांनी एकदाचा एक फोटो भिंतीवर लागेल, आणि तोही पासपोर्ट साइझ.

पाणी चढत गेलं तसा खाडीतला चिखल दिसेनासा झाला. उरला तो फक्त त्याने उपसलेला ढीग. बूड टेकायला दुसरी जागाच न राहिल्याने पक्षी त्याच्याकडेच येऊ लागले. एक चिखल्या ढिगाच्या टोकाशी, बरोबर सहा फुटांवर थांबला. तांबूस ऊन त्याच्या अंगावर तिरपं पडलं होतं, गळ्याभोवतीचा काळा पट्टा ओला चमकत होता, आणि मागचं पाणी उन्हाने पांढरंशुभ्र झालं होतं. त्याने मान सरळ केली आणि फोटोग्राफरकडे रोखून पाहिलं.

"म्म म्म, म्म म्म म्म, म्म म्म... म्म्म!" फोटोग्राफर पट्टीआडून म्हणाला आणि त्याने बटण दाबलं.

कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर त्याने फोटो पाहिला. पीस न् पीस मोजून घ्यावं असा आला होता. त्याने समाधानाने कॅमेरा बंद केला. पाणी छातीला लागलं होतं आणि तो एकतीस वर्षांत इतका सुखी कधीच झाला नव्हता.

शिंपल्या काढणारी एक बाई, चिखलात रुतू नये म्हणून घेतलेल्या फळीवरून घसरत परत निघाली होती, तिला हे बोलत नसलेलं मुंडकं दिसलं. तिने फळी पुढे सरकवली.

"भाऊ, हलू नका," ती म्हणाली. "हललात की आणखी आत जाल."

तिने त्याला काखेत धरून ओढून काढलं. विजार खाडीतच राहिली. तो पडदा गुंडाळून काठाला लागला, तेव्हा होडीमागून दबका आवाज आला, "अहो, आता उठू का मी?"

साडेचारला त्याने फोटो मंडळात नेऊन दिला. आठ दिवसांनी चिटणिसांनी बोलावणं पाठवलं. फोटोग्राफर इस्त्रीचा सदरा घालून, बायकोला घेऊन गेला.

"पासपोर्ट, पेंढा कुणाकडून भरून घेतलास रे?" चिटणीस म्हणाले.

"कसला पेंढा?"

"पक्ष्यात. परीक्षक म्हणाले, जिवंत पक्षी इतक्या जवळ असा समोर बघत उभा राहतच नाही. आणि मागे पांढरा पडदा. तुझ्या स्टुडिओतलाच ना?"

"साहेब, ते पाणी आहे! मी छातीइतक्या पाण्यात..."

"बरं, मग याच्या आधीचे-नंतरचे फोटो दाखव. पक्षी जरा हललेला, मान वळवलेला, एखादा तरी."

"एकच काढला."

"एकच? अरे, असा पक्षी समोर आला तर माणूस दोनशे काढतो!"

"डोळे उघडे होते, मान सरळ होती. चांगला आला होता की," फोटोग्राफर म्हणाला, "मग दुसरा कशाला काढायचा?"

चिटणिसांनी बायकोकडे पाहिलं. "वहिनी, तुम्ही होतात ना तिथे? यांना फोटो काढताना तुम्ही पाहिलंत?"

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. उभ्या आयुष्यात तिला खोटं बोलता आलं नव्हतं. "नाही हो," ती रडवेली होऊन म्हणाली. "मी आडवी झाले होते."

चिटणिसांनी फोटो परत दिला. मागे लाल शाईत परीक्षकांचा शेरा होता.

घरी बायकोने पानं वाढली. त्याचं ताट तसंच राहिलं. शेवटी बायकोने फोटो उलटा केला आणि दिव्याखाली धरून वाचला, "'अपात्र. पक्षी पेंढा भरलेला. मात्र पेंढा भरण्याचे काम उत्कृष्ट.'" ती जरा थांबली. "उत्कृष्ट म्हणालेत हो."

फोटोग्राफरने तो शेरा स्वतः पुन्हा वाचला. आजवर त्याच्या कुठल्याही कामाला कुणी उत्कृष्ट म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याने दुकान उघडलं, हातोडी शोधली, आणि समोरच्या भिंतीवर, गिऱ्हाइकांना आल्या आल्या दिसेल अशा जागी, तो फोटो चौकटीत घालून लावला. शेरा पुढे आणि पक्षी भिंतीकडे.