खासनीसपंतांची स्वारी आणि माणगोठे बंदरच्या जाळ्यांचा भाव

श्रीतुळादेवी प्रसन्न. जिचे एक पारडे दुकानदाराचे आणि दुसरे गिऱ्हाइकाचे, त्या देवीस नमस्कार करून, शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, आषाढमासी जे वर्तमान जाहले ते पाहिले तैसे लिहितो. कोठे चढवून लिहिले असल्यास तो प्रेमाचा दोष जाणावा.

ते समयी राज्यात निकोप स्पर्धेची कचेरी म्हणोन एक थोर कचेरी होती. व्यापाऱ्यांनी आपसांत संगनमत करून रयतेस नाडू नये, हे पाहणे तिचे काम. तिचे सरदार राजश्री रघुपंत खासनीस, अंगाने किरकोळ, परंतु बोलू लागले म्हणजे चार घटका थांबत नसत. पंतांचे मत ऐसे की, कायदा कपाटात ठेविला तर वाळवी खाते, तो गावोगाव सांगितला पाहिजे. मग पंत पडदा आणि चित्रांचे यंत्र आणि पत्रकांचे गठ्ठे घेऊन निघाले, आणि एकेचाळीस गावी व्याख्याने दिली, आणि बहुतेक ठिकाणी मंडळी चहास आली आणि चहा होताच उठून गेली, तरी पंतांनी हिंमत सोडिली नाही. आम्ही यंत्राची तार जोडावयास बरोबर होतो. तेच व्याख्यान एकेचाळीस वेळा ऐकून जीव विटला, परंतु खरे सांगावे तर अभिमानही वाटला. आणि पंतांनी दुसरी मसलत केली. समुद्रापलीकडील राज्यात ऐसीच एक कचेरी होती, तिच्या मुख्य अधिकारीण बाईंशी खलिते चालवून तह केला की, इकडील वार्ता तिकडे द्यावी, तिकडील इकडे घ्यावी, आणि संगनमत आपण होऊन कबूल करणाऱ्यास माफी देण्याचे कलम दोन्ही राज्यांत एकाच दिवशी लोकांस समजावून द्यावे. दरबारी लोक हसले की, पंतांस गावे अपुरी पडली म्हणून आता समुद्र ओलांडतात. पंत म्हणाले, माल गलबतातून येतो, संगनमतही त्याच गलबतातून येत असेल.

मग आषाढ वद्य पंचमीस स्वारी माणगोठे बंदरी दाखल जाहली. त्या बंदरी मासेमारीच्या जाळ्यांची पाच दुकाने, आणि पाचांचे पुढारी गोविंदशेठ पेंडुरकर. शेठजींनी पंतांचा मोठा सत्कार केला, शाल दिली, नारळ दिला, आणि पाचही शेठ पहिल्या रांगेत खुर्च्यांवर विराजमान जाहले. पंत बोलू लागले. तेव्हा मागून चांगुणाबाई नाखवा उभ्या राहिल्या. बाईंचा नवरा दर्यात गेला तो परतला नव्हता, घरी एक होडी तेवढी राहिली होती, आणि मागील साली जुने जाळे फाटून गेले होते. बाई म्हणाल्या, "सायेब, दोन वरसां झाली, पाची दुकानांत भाव येकच. कमी करा म्हटलं का सांगतात, दुसरीकरं जा. दुसरीकरं पन तोच. जालां नाय तर नारली पुनवेला होरी दर्यात जानार नाय. मंग ती इकूनच टाकायची का?"

पंतांनी उत्तरास एरवी अर्धी घटका घेतली असती, परंतु त्या दिवशी चारच वाक्ये बोलले. "ज्यांनी ऐसे संगनमत केले असेल, त्यांतील जो पहिला येऊन खरे सांगेल त्यास पुरी माफी. दुसऱ्यास थोडी सूट. बाकीच्यांस दंड, आणि तो लहान नाही. माझा मुक्काम विश्रामगृहात आहे."

मग जे जाहले ते पाहावयाचे भाग्य आम्हांस लाभले. पाचांपैकी एक शेठ पाणी प्यावयास उठले, तो चारही उठले. ते बसले, तो चारही बसले. एकास खोकला आला, तरी बाहेर जाईना. शंकासमाधान जाहले, आभार जाहले, चहा जाहला, आणि पाचही जण एकाच मोटारीत दाटीने बसून गेले आणि एकाच पंक्तीस जेवले. मग तिसरे प्रहरी पाचही विश्रामगृहाच्या दारी एकदम आले. आमच्या मुलखात दारात गाठ पडली म्हणजे "आधी आपण, आधी आपण" म्हणण्याची रीत. ती रीत त्या दिवशी बुडाली. पाचही एकाच दारात शिरले आणि चौकटीत अडकले, आणि आम्हीच पेंडुरकरशेठांस हात धरून आत ओढिले. शेठ धापा टाकीत म्हणाले, "पंत, पहिला मी."

पंतांनी सर्वांस बसविले, पाणी दिले, आणि अदबीने म्हणाले, "आपण आलात, उत्तम केले. परंतु पहिला गृहस्थ दोन प्रहरीच कबूल होऊन गेला."

पाचांनी एकमेकांस मोजले. पाचही हजर होते. मग पंतांनी उलगडा केला की, जाळ्यांचा धागा समुद्रापलीकडील ज्या कारखानदाराकडून येतो, त्यानेच भाव ठरवून पाचांस बांधून घेतले होते. तो आज तिकडे अधिकारीण बाईंच्या त्याच कलमावरील व्याख्यानास बसला होता, आणि चहासही न थांबता उठला, आणि तहाप्रमाणे दोन्ही कचेऱ्यांत कबुली देऊन पाचांची नावेही लिहून दिली.

चौकशी पुढे रीतीप्रमाणे चालली आणि दंडही जाहले. परंतु संगनमत त्याच दिवशी मोडले, कारण पाचांचा एकमेकांवर काडीचा विश्वास उरला नाही. आठ दिवसांत बाजारात पाच दुकाने आणि पाच भाव जाहले. चांगुणाबाई जाळे घ्यावयास गेल्या तो पाचही शेठ ओट्यावर येऊन, "बाई, इकडे या," म्हणू लागले. पहिल्याच दुकानी भाव परवडण्याजोगा निघाला. तरी बाई पाचही दुकाने फिरल्या आणि दोन प्रहरपर्यंत यथेच्छ घासाघीस केली. आम्ही विचारले की, पहिलाच भाव बरा होता, मग इतके श्रम कशास? बाई म्हणाल्या, "दोन वरसां कोनी माज्याशी भाव केला नव्हता."

सारांश, पंतांनी तलवार उपसली नाही, व्याख्यान दिले. पुनवेस नारळ वाहून बाईंची होडी दर्यात गेली, आणि पंत यंत्र बांधून बेचाळिसाव्या गावाहून त्रेचाळिसाव्या गावी निघाले.