दवाखान्यासाठी एक शांत गाणं

“बघशील तू! तुझी आई माझ्याच खुर्चीत आ करून बसलेली दिसेल!” दातांच्या डॉक्टरांनी बायकोला छातीठोकपणे सांगितलं.

बायकोने नुसतं “हं” केलं. दवाखान्याचं काउंटर तीच सांभाळायची, त्यामुळे नवऱ्याच्या घोषणांची तिला सवय होती. पण डॉक्टरांना ही गोष्ट मनापासून लागली होती. जावई दातांचा डॉक्टर, आणि सासूबाई दात दाखवायला जायच्या कोपऱ्यावरच्या दुसऱ्याकडे! चार नातेवाईक जमले की कोणीतरी विचारायचंच, “का हो, सासूबाईंचा तुमच्यावर भरवसा नाही का?”

खोदून खोदून विचारल्यावर बायको म्हणाली, “आईला तुमच्या बाहेरच्या खोलीत बसवत नाही.”

झालं! पुढचं डॉक्टरांनी ऐकलंच नाही. निदान तयार होतं. बाहेर बसलं की आतल्या ड्रिलचा आवाज येतो आणि भल्याभल्यांचे पाय लटपटतात. त्यावर उपाय एकच, संगीत! तेही स्वतः बनवलेलं!

“तुम्हाला शिट्टीसुद्धा धड वाजवता येत नाही,” बायको म्हणाली.

“हल्ली वाजवावं लागत नाही. कॉम्प्युटर वाजवतो!”

डॉक्टरांनी संगीताचं सॉफ्टवेअर घेतलं, मोठाले हेडफोन घेतले आणि व्हिडिओ बघून शिकायला बसले. सुरुवातीचे काही दिवस आवाज का येत नाही हे शोधण्यात गेले. हेडफोनची वायर कॉम्प्युटरला जोडायची असते, हे व्हिडिओत कोणी सांगितलं नव्हतं!

व्हिडिओतला मास्तर म्हणाला, “संगीत तुमच्या आजूबाजूलाच आहे. टिपा ते!” डॉक्टरांच्या आजूबाजूला होती उघडी तोंडं. ते मोबाइलवर पेशंटचे ‘आऽऽ’ टिपायला लागले. “आवाज घेतला तर चालेल ना?” असं रीतसर विचारायचे. तोंडात आरसा असलेला माणूस काय बोलणार? तो म्हणायचा, “आऽऽ!” डॉक्टर त्यालाच होकार धरायचे आणि तोच रेकॉर्ड करायचे.

हे सगळे आऽऽ एकावर एक रचले, त्यांना विहिरीत ओरडल्यासारखा घुमारा दिला, वरून बासरी, व्हायोलिन आणि पाण्याची झुळझुळ सोडली. आणि काय सांगावं, खरंच बरं वाटायला लागलं! बायकोसुद्धा “वाईट नाही” म्हणाली. तिच्याकडून एवढं मिळणं म्हणजे चैनच!

अशात सासूबाईंची दाढ ठणकायला लागली आणि कोपऱ्यावरचा डॉक्टर नेमका सुटीवर गेला. त्या येणार त्याच सकाळी डॉक्टरांना आऽऽमध्ये कोणाचा तरी खोकला सापडला. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक आवाजाची वेगळी पट्टी असते आणि पट्टीशेजारी एक छोटं बटण. ते दाबलं की बाकीचे सगळे आवाज गप्प बसतात आणि ती एकच पट्टी ऐकू येते. डॉक्टरांनी आऽऽचं बटण दाबलं, खोकला शोधला आणि मुळासकट उपटला. त्या आनंदात बटण पुन्हा दाबून बाकीच्यांना बोलतं करायचं राहिलंच! फाइल तयार झाली, मोबाइलवर आली. ऐकायला वेळ कुठे होता? बाहेर सासूबाईंसकट सगळ्या खुर्च्या भरल्या होत्या.

डॉक्टरांनी मोबाइलवरून बाहेरच्या स्पीकरवर गाणं लावलं, दाराला आतून कडी घातली आणि पेशंटच्या दाढेत ड्रिल घातलं. कडी आवश्यक होती. मागे एक पेशंट अर्ध्या दाढेने पळाला होता.

बाहेर, छताला टांगलेल्या स्पीकरमधून एक माणूस कुठूनतरी खोलवरून कण्हला. “आऽऽऽ!” मग दुसरा. मग एक बाई. मग सगळे मिळून, घुमत घुमत! आणि साथीला दाराआडून खरंखुरं ड्रिल!

“एका वेळी किती जणांना आत घेतात?” एका गृहस्थांनी गाल धरून विचारलं.

“एकालाच,” बायको म्हणाली.

“एकटा माणूस एवढा ओरडतोय?” गृहस्थ उठले. त्यांच्यामागे आणखी दोघं. एकजण म्हणाला, “गाडी भलतीकडेच लावलीय हो मी!” तो चालत आला होता.

बायको दाराच्या काचेपाशी येऊन दोन्ही हात हलवायला लागली. ड्रिलच्या घरघरीत डॉक्टरांना ना तिचे शब्द ऐकू येत होते, ना बाहेरचं गाणं. लोक डोलतायत म्हणत असेल! त्यांनी खुशीत आवाज वाढवला. बायको उड्या मारायला लागली. त्यांनी पूर्ण वाढवला!

पेशंट संपवून ते ऐटीत बाहेर आले. खोली रिकामी! फक्त सासूबाई बसल्या होत्या आणि त्यांच्या डोक्यावर नुसतं “आऽऽऽ!” बटण तसंच राहिलं, हे डॉक्टरांना आत्ता कळलं! घाईघाईने त्यांनी गाणं बंद केलं. आता ह्याही उठणार आणि सगळ्या नातेवाइकांत आपली शोभा होणार!

सासूबाई उठल्या. आणि सरळ आत जाऊन खुर्चीत बसल्या!

दाढ विनातक्रार निघाली. डॉक्टरांनी भीत भीत विचारलं, “आई, बाहेर तुम्हाला भीती नाही वाटली?”

“भीती कसली?” गालात कापूस धरून सासूबाई म्हणाल्या. “पाठ धरते हो माझी! तुमच्याकडे ही गर्दी, त्या कडक खुर्चीत ताटकळणार कोण? त्या कोपऱ्यावरच्याकडे काळं कुत्रंही फिरकत नाही, गेलं की लगेच आत. आज मात्र तुम्ही झकास सोय केलीत! बघता बघता रांग साफ!”

बायको तोंडाला पदर लावून काउंटरमागे खाली वाकली.

जाता जाता सासूबाई दारात थांबल्या. “जावईबापू, ते गाणं मला पाठवा ना. आमच्या शेजारीणबाई येऊन बसल्या की उठायचं नाव घेत नाहीत.”

डॉक्टरांचा चेहरा उजळला. त्यांचं गाणं आज पहिल्यांदा कोणीतरी मागत होतं! “थांबा आई, त्यात बासरी राहिलीय. ती घालून पाठवतो!”

“अहो, बासरी नको!” सासूबाई घाईघाईने म्हणाल्या. “बाई रमायच्या!”