टिंगूचं खरं नाव

पार्कचा फोन आला तेव्हा मर्विन पॅस्को व्हरांड्यात बसून सुट्टीचा विचार करत होता. निवृत्त माणसाने सुट्टीचा विचार करावा हे त्याच्या बायकोला, नोरीनला, पटत नसे. "तुला रोजच सुट्टी आहे," ती म्हणायची. मर्विनचं म्हणणं वेगळं होतं. त्याने आयुष्यभर शाळेची बस चालवली, आणि सुट्टी कधी लागणार हे त्याला वर्गातल्या सगळ्यात ढ मुलाइतकंच पाठ असायचं. बस सुटली आणि सगळे वार एकाच रंगाचे झाले. उरली एकच खरी सुट्टी. ईस्टरचे चार दिवस, समुद्रकाठचा कॅराव्हॅन पार्क म्हणजे तंबू ठोकून राहायचा तळ, पाइनच्या झाडाखालची अगदी पाण्याला लागून असलेली जागा, आणि दोन जुने मित्र. अडतीस ईस्टर त्यांनी त्या जागेवर काढले होते. नोरीन बरोबर जात नसे. ते चार दिवस ही तिचीही सुट्टीच होती.

"मर्विन, मी पार्कमधून टेगन बोलतेय," पलीकडची मुलगी म्हणाली. "ईस्टरची जागा पक्की करायची ना?"

"पक्कीच आहे ती. कधीपासून."

"हो, पण आता मालक बदललेत. प्रत्येकाचं नाव लागतं, लायसन्सवर असेल तसं. आज पाचच्या आत मिळालं नाही, तर जागा दुसऱ्याला जाईल. पाण्याकाठच्या जागेवर लोक टपून बसलेत हो."

"मग लिही. मर्विन पॅस्को. लिंडसे कर्निक. आणि टिंगू बॉट्रेल."

"लायसन्सवर टिंगू आहे?"

मर्विनने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

"अंदाजाने काही सांगू नका," टेगन म्हणाली. "गेटवर लायसन्स बघतात. जुळलं नाही तर आत सोडत नाहीत."

त्या किनाऱ्यावर आईबापांनी ठेवलेलं नाव फार दिवस टिकत नाही. मित्र दुसरं ठेवतात, आणि ते हमखास उलटं असतं. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, ही तिथली रीतच. सहा फूट चार इंच उंचीचा तो टिंगू. लिंडसे कर्निकच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता, म्हणून तो कुरळ्या. मर्विनच्या बसला एकदा एका सायकलने मागे टाकलं होतं, म्हणून तो तुफान. पैकी कुरळ्याचं खरं नाव सगळ्यांना ठाऊक होतं, कारण तो प्लंबर होता आणि नाव त्याच्या व्हॅनवर रंगवलेलं होतं. टिंगूची सगळी नोकरी धान्याच्या कोठारांवर झाली. कोठारावर कामगाराचं नाव कुणी रंगवत नाही. शिवाय तो सडाफटिंग, त्यामुळे कधी लग्नपत्रिकाही निघाली नाही.

"विचार ना त्याला सरळ," नोरीन म्हणाली.

"कसं विचारू? त्याच्या पंचाहत्तरीला भाषण कुणी केलं?"

"तू."

"त्यात काय म्हणालो?"

"'या माणसाला माझ्याइतकं कुणीच ओळखत नाही.' मग तुला रडू आलं. मग त्याला."

"आणि आता फोन करून म्हणू, बाबा रे, तुझं नाव काय?"

"केकवरही टिंगूच होतं," ती म्हणाली.

मर्विन कुरळ्याकडे गेला. कुरळ्यालाही नाव ठाऊक नव्हतं. पण ठाऊक नसलेल्या गोष्टींबद्दल त्याला नेहमीच खात्री असे. गॅरेजमधल्या जुन्या टेलिफोन डिरेक्टरीत 'बॉट्रेल व्ही.' एवढं सापडलं.

"व्हर्नन," कुरळ्या म्हणाला. "चेहराच व्हर्ननचा आहे त्याचा."

"व्हिक्टरही असेल. व्हिन्सेंट असेल."

"बोलिंग क्लबात बोर्ड आहे ना विजेत्यांचा. चल."

क्लबातल्या लाकडी फलकावर सोनेरी अक्षरांत टिंगूचं नाव पाच ठिकाणी होतं. पाचही ठिकाणी 'टिंगू बॉट्रेल' असंच होतं. क्लबची कारभारीण ग्लेनिस ग्लास पुसत होती.

"वर्गणीच्या पावतीवर काय नाव घालतेस त्याचं?" मर्विनने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"टिंगू."

"आणि कायद्याने?"

"कायदा इथे खेळायला येत नाही," ग्लेनिस म्हणाली. "का रे? काय केलं त्याने?"

दोघे तिथून घाईने निघाले. रस्त्यात कुरळ्याला कल्पना सुचली. टिंगूला रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या, आणि गोळ्यांच्या डब्यावर रोग्याचं पूर्ण नाव छापलेलं असतं. त्याच्यातर्फे गोळ्या घ्यायला आलो असं सांगायचं, डबा वाचायचा, आणि पाठोपाठ गोळ्या त्याच्या घरी नेऊन द्यायच्या. यात कुणाचं काही वाईट होत नव्हतं. उलट टिंगूचा हेलपाटा वाचत होता.

औषधांच्या दुकानात हुएन नावाची मुलगी होती. ती नुकतीच शहरातून बदलून आली होती आणि गावात अजून कुणाला ओळखत नव्हती.

"मिस्टर बॉट्रेलच्या गोळ्या," मर्विन म्हणाला.

"पहिलं नाव?"

मर्विनने कुरळ्याकडे पाहिलं. कुरळ्याने सर्दीच्या औषधांकडे पाहिलं.

"तू सांग," मर्विन म्हणाला. "आम्ही बरोबर की चूक ते सांगतो."

हुएनच्या पाठीमागच्या भिंतीवर पोलिसांचं पत्रक होतं. म्हाताऱ्या माणसांना गोड बोलून त्यांची माहिती काढणाऱ्या भामट्यांपासून सावध राहा, असं त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. हुएनने एकदा पत्रकाकडे, एकदा या दोघांकडे पाहिलं आणि अत्यंत नम्रपणे सांगितलं, "गोळ्या आज नाहीयेत. उद्या या." दार बंद झाल्याबरोबर तिने टिंगूला फोन लावला.

हे या दोघांना कळायला मार्ग नव्हता. ते कुरळ्याच्या घरी परतले आणि त्यांनी शेवटचा उपाय काढला. कुरळ्याने नाकाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावला आणि टिंगूचा नंबर फिरवला.

"वीज कंपनीतून बोलतोय," तो गेंगाण्या आवाजात म्हणाला. "आपलं पूर्ण नाव पडताळून बघायचं होतं."



"आधी तुझं सांग," टिंगू म्हणाला.

या प्रश्नाची तयारी झालेली नव्हती. "व्हर्नन," कुरळ्याच्या तोंडून निघून गेलं.

"हे बघ, व्हर्नन. तुझी दोन माणसं सकाळी औषधांच्या दुकानात येऊन गेली, ते मला कळलंय. म्हाताऱ्यांना लुबाडून पोट भरतोस, आईला काय सांगतोस रे संध्याकाळी?" फोन बंद झाला.

कुरळ्याने चिमटा काढला. नाक लाल झालं होतं. "एक नक्की झालं," तो म्हणाला. "व्हर्नन नाही. स्वतःचं नाव कुणी असं थुंकल्यासारखं घेत नाही."

चार वाजता दोघे मर्विनच्या स्वयंपाकघरात चहा घेत बसले होते. आता व्हिक्टर सांगावं की व्हिन्सेंट, यावर वाद चालू होता. इतक्यात दाराच्या चौकटीत नेहमीसारखं डोकं वाकवून टिंगू आत आला. त्याच्या एका काखेत बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता आणि दुसऱ्या काखेत भिंतीवरचं घड्याळ.

"तुफान, हे तुझ्याकडे ठेव," तो म्हणाला. "घराचे कागद आहेत. आणि हे आईचं घड्याळ. माझ्या मागे टोळी लागलीय."

"टोळी?" मर्विन म्हणाला.

"दोघं गावात फिरतायत माझं नाव विचारत. हुएन म्हणाली, एक टकला आहे आणि एक ढेरपोट्या. टकला बोलत नाही, तोच म्होरक्या असणार. आणि एक व्हर्नन फोनवर आहे, तो तिसरा."

कुरळ्याने टेबलावरची टोपी हळूच उचलून डोक्यावर घातली. टिंगूने त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याला काहीच खटकलं नाही. तीन तपांच्या दोस्तीत संशयाला जागाच उरलेली नव्हती. मर्विनला ते पाहून जेवढी लाज वाटली, तेवढी दिवसभरात वाटली नव्हती.

"एक सांगायचं राहिलं," टिंगू म्हणाला. "ईस्टरला तुम्ही दोघं जा. मी येत नाही. पाठीमागे घर धुऊन नेतील."

नाव मिळवण्याच्या खटपटीत माणूसच हातचा चालला होता. मर्विनने कप खाली ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. पार्कचा फोन, बोर्ड, गोळ्या, चिमटा. भाषणाबद्दलही बोलला.

टिंगूने शांतपणे ऐकून घेतलं. मग कुरळ्याकडे वळून म्हणाला, "व्हर्नन?"

"ऐन वेळी दुसरं सुचलं नाही," कुरळ्या म्हणाला.

"सरळ विचारायचं होतं, गाढवांनो."

"चुकलं. आता विचारतो," मर्विन म्हणाला. "काय नाव तुझं?"

"ते नाही सांगणार."

घड्याळात साडेचार वाजले होते. मर्विनच्याही आणि टिंगूच्या काखेतल्याही. कुरळ्याने विनवलं. मर्विनने जागेची आठवण काढली. पाइनखालची ती सावली, रात्री तंबूपर्यंत ऐकू येणारं पाणी, तिथेच टिंगूने एका वर्षी स्वतःचा पाय गळाला लावून घेतला होता, ते सगळं. टिंगू मान हलवत राहिला. शेवटी ओट्याशी उभी असलेली नोरीन हात पुसत पुढे आली.

"टिंगू, तुम्ही तिघं गेला नाहीत ना, तर चारही दिवस इथे बसणार. या खुर्च्यांवर. मी वर्षभर त्या चार दिवसांकडे डोळे लावून असते रे. माझ्यासाठी सांग."

टिंगूने घड्याळ टेबलावर ठेवलं.

"मी जन्मलो त्या दिवशी माझ्या बापाने होतं नव्हतं ते सगळं शर्यतीत एका घोडीवर लावलं," तो म्हणाला. "सगळे हसत होते. ती जिंकली. त्यातून आमचं घर झालं. बाप देवभोळा माणूस. म्हणाला, पोराला तिचंच नाव द्यायचं."

"घोडीचं," मर्विन म्हणाला.

"व्हायोलेट."

कुणीही हसलं नाही. कुरळ्याने बशीतलं एक बिस्किट उचललं आणि ते कुठल्या पिठाचं आहे याची बारकाईने पाहणी केली.

"मुलीचं नाव घेऊन शाळेत माझं काय झालं असेल, विचारू नका. कोठारावर पहिल्या दिवशी मुकादम म्हणाला, ए टिंगू, इकडे ये. मला वाटलं, या माणसाचे पाय धरावेत."

"बदलून का नाही घेतलंस?" नोरीनने विचारलं.

"बाप होता तोवर त्याला वाईट वाटलं असतं. तो गेल्यावर मला वाटायला लागलं." टिंगूने हात पुढे केला. "आण तो फोन."

पाचाला दहा मिनिटं असताना टिंगूने पार्कला फोन लावला. उभा राहून, घसा खाकरून, कितीतरी वर्षांनी त्याने परक्या माणसापुढे ते नाव उच्चारलं. "व्हायोलेट. हो, फुलाचं असतं तेच. बॉट्रेल. नाही, मीच बोलतोय." मग थोडं ऐकून घेतलं, गाडीचा नंबर सांगितला आणि फोन ठेवला.

"काय म्हणाली?" मर्विनने विचारलं.

"छान म्हणाली. तिच्या भाच्याचं नाव ओशन आहे म्हणे." टिंगू खुर्चीत बसला. "हसली नाही."

"मग बरंच झालं की."

"हो," टिंगू म्हणाला. पण इतकी वर्षं जीव मुठीत धरून जपलेली गोष्ट एका मुलीने गाडीच्या नंबरासारखी टिपून घ्यावी, हे त्याला जरा लागलेलं दिसलं.

गुड फ्रायडेच्या दुपारी तिघे पार्कात पोचले. गेटवर लायसन्स जुळली. जागा तीच होती, पाइन तोच होता. फक्त नव्या मालकाच्या कॉम्प्युटरने प्रत्येक जागेसाठी एक पाटी छापली होती, आणि तो आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरांच्या क्रमाने चालत असल्यामुळे पाइनखाली ठळक अक्षरांत उभं होतं, 'सुस्वागतम्, व्हायोलेट बॉट्रेल आणि मंडळी.'

"उपटतो ती," टिंगू म्हणाला.

"आधी तंबू लावू," मर्विन म्हणाला. "पाटी काय, आपण तिच्यासमोर खुर्च्या टाकू. कोण वाचतंय?"

पाटी एकाने वाचली होती. शेजारच्या जागेवर दर ईस्टरला आल्विन रॉडा नावाचा गहू पिकवणारा शेतकरी उतरत असे. पत्नी गेल्यापासून तो एकटाच येई, आणि इतक्या वर्षांत त्याने या तिघांना कधी मीठसुद्धा उसनं दिलं नव्हतं. संध्याकाळी तो आला तेव्हा त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि ओले केस चापून बसवले होते. हातात मोठी थाळी होती, तिच्यावर स्वच्छ पंचा. पंच्याखालून नुकत्याच उकडलेल्या खेकड्यांची वाफ येत होती.

"यंदा मंडळी वाढलेली दिसते," आल्विन इकडेतिकडे बघत म्हणाला. "म्हटलं, ओळख करून घ्यावी. बाई कुठे आहेत?"

मर्विनने खरं सांगायला तोंड उघडलं. अनेक दिवसांनी एका वाक्यात मिटणारी भानगड समोर आली होती, आणि त्याला ती मिटवायची होती.

"किनाऱ्यावर फिरायला गेलीय," खुर्चीतून टिंगू म्हणाला. "ठेव तिथे."

आल्विनने थाळी अलगद ठेवली. "आवडतात ना त्यांना?"

"जीव टाकते."

"मग उद्या मासा भाजून आणतो," आल्विन म्हणाला, आणि वीस वर्षांनी लहान झाल्यासारखा निघून गेला.

टिंगूने पंचा बाजूला केला, सगळ्यात मोठा खेकडा उचलला आणि त्याची नांगी मोडली. मर्विन त्याच्याकडे बघत राहिला.

"त्याला सांगायला हवं रे, टिंगू. बरं नाही हे. उद्या सकाळी जाऊन सांगू."

"उद्या तो मासा आणतोय," टिंगू म्हणाला. "सोमवारी सांगू. निघताना."