साळवे सिस्टरांचा ट्रे

साळवे सिस्टरांच्या घरात चप्पल घालून गेलेलं एक वेळ चालेल, पण मोबाईल घेऊन गेलेलं चालत नाही. दाराबाहेर स्टुलावर स्टीलचा एक ट्रे ठेवलेला असतो. नोकरीत असताना त्यात त्यांची इंजेक्शनं असायची, आता पाहुण्यांचे फोन असतात. गॅसवाल्यापासून मतं मागायला येणाऱ्यांपर्यंत कोणालाही सूट नाही. कुणी कुरकुर केली की त्यांचं ठरलेलं वाक्य येतं, "मशीन माझ्या छातीत हाय, तुमच्या न्हाई."

मशीन म्हणजे पेसमेकर. दोन वर्षांपूर्वी सिस्टरांच्या हृदयाचे ठोके फार कमी पडायला लागले, दोनदा चक्कर येऊन पडल्या, तेव्हा डॉक्टरांनी तो डाव्या खांद्याखाली बसवला. सिस्टर मूळच्या पारनेरकडच्या. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होत्या आणि निम्म्या तालुक्याला त्यांनी सुया टोचल्यात. त्यामुळे दुखण्याखुपण्याच्या बाबतीत आमच्या कॉलनीत त्यांचा शब्द शेवटचा.

मी त्यांचा शेजारी. नागापूरच्या एका कारखान्यात मेंटेनन्स बघतो. वीस वर्षं मोटारी आणि पॅनेल उघडतोय. "जगताप, तुमाला मशीनमधलं काय कळतं?" असं मला आजवर फक्त सिस्टरच म्हणाल्या आहेत, आणि तेही चारचौघांत.

त्यांचा स्वतःचा फोन खिडकीत असतो, स्पीकरवर. त्या समोरच्या पलंगावर बसून मोठ्यानं बोलतात. त्यामुळे त्यांना मेथीच्या किती जुड्या हव्यात आणि पुण्याच्या सुनेचं पित्त कुठवर आलंय, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक असतं. माझ्या घरी मिक्सर लावायचा तर बायको आधी त्यांना हाक मारून सांगते, कारण सिस्टर व्हरांड्यात बसलेल्या असतात आणि मग उठून आत जातात. मधली भिंत नऊ इंची आहे, हे मी सांगून दमलो.

हे सगळं मी सोसलं. पण एकदा बायकोनं दिलेला आमटीचा डबा पोचवायला गेलो, फोन ट्रेत टाकला आणि सिस्टरांनी चहाला बसवलं. तेवढ्यात कारखान्यात उत्पादनाची लाईन बंद पडली. बाहेर आलो तर साहेबांचे अकरा मिस्ड कॉल. दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सांगितलं, की शेजारणीच्या हृदयामुळे फोन घेता आला नाही. त्यावर ते माझ्याकडे ज्या नजरेनं बघत राहिले, ती अजून डोळ्यांपुढून जात नाही. त्याच दिवशी ठरवलं, की डॉक्टरांना विचारून ह्या ट्रेचा निकाल लावायचा.

दर सहा महिन्यांनी पेसमेकरची तपासणी असते आणि त्यासाठी सिस्टरांना माझ्याच स्कूटरवरून जावं लागतं. त्यांचा मुलगा मिलिंद पुण्याला असतो. बायको आणि मुलीला घेऊन महिन्यातून एका रविवारी येतो. ते तिघंही तोंड वाकडं करून ट्रेत फोन ठेवतात, हे मी पाहिलेलं होतं.

ह्या वेळी मीही त्यांच्याबरोबर आत गेलो. डॉक्टरांनी सिस्टरांच्या छातीवर छोटंसं यंत्र धरून पडद्यावर पाहिलं. सगळं उत्तम आहे, बॅटरी आठ वर्षं चालेल, म्हणाले. मी लगेच मोबाईलचं विचारलं.

"छातीच्या खिशात ठेवायचा नाही आणि उजव्या कानाला लावायचा, एवढंच," डॉक्टर म्हणाले. "घरातला मिक्सर, टीव्ही सगळं चालतं. सिस्टरांना हे बसवलं तेव्हाच सांगितलंय."

सिस्टर भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता मन लावून वाचत होत्या.

बाहेर स्कूटरपाशी माझा तोल गेला. साहेब, अकरा कॉल, भिंत, मिक्सर, सगळं काढलं. रविवारी मिलिंदला सांगणार म्हणजे सांगणार, असंही सुनावलं. सिस्टरांनी शांतपणे डोक्याला स्कार्फ बांधला.

"सांगा," त्या म्हणाल्या. "पन आदी ती तिघं यायची आन् सोफ्यावर बसून फोनात बघत ऱ्हायची. मला तिघांचे भांग पाठ झाले हुते, जगताप. तोंडं दिसायची न्हाईत." जरा थांबून म्हणाल्या, "ऑपरेशननंतर बघायला आले, तवा मी उगंच म्हनलं, फोन भाईर ठिवा, मशीनला चालत न्हाई. त्या दिवशी नात माझ्याशी दुपारभर बोलली."

मी स्कूटरला किल्ली लावली. राग अजून होता, पण तो कोणावर काढायचा हे कळेना. येताना सबंध रस्ताभर मागून त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. त्यांनी माझ्या गाडी चालवण्यात एकही चूक काढली नाही, याचंच मला फार वाईट वाटलं.

रविवारी मिलिंदनं मला चहाला बोलावलं. मी दारात पोचलो तेव्हा ट्रेत तीन फोन होते. आत पाऊल टाकतोय तोच त्यानं विचारलं, "काका, तुम्ही गेला होतात ना बरोबर? मोबाईलचं काय म्हणाले डॉक्टर? खरंच एवढं जपावं लागतं का?"

सिस्टर कपात चहा गाळत होत्या. त्यांचा हात थांबला. माझ्याकडे मात्र त्यांनी बघितलं नाही.

"ट्रे दाराच्या फार जवळ आहे, म्हणाले," मी सांगितलं. "आणखी जरा लांब ठेवा."

"ऐकलंस?" सिस्टर मिलिंदला म्हणाल्या. "मशीन माझ्या छातीत हाय."

मी परत बाहेर गेलो, स्टूल जिन्यापर्यंत सरकवलं आणि माझा फोन चौथा ठेवला. आत आलो तेव्हा नात शाळेतल्या कुठल्याशा बाईंची नक्कल करत होती आणि सिस्टर डोळे पुसून पुसून हसत होत्या. मधेच बाहेर फोन वाजला. बराच वेळ वाजत राहिला. बहुतेक आमचे साहेबच असावेत.

मी अजून अर्धा कप चहा मागितला.