जिभेनं तुटणारी भाजी

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. तिची एकमेव साक्षीदार माझी शेळी होती, आणि तीही आता राहिली नाही. तेव्हा सांगून टाकतो : आमगावात स्टेशनमागच्या आमच्या गल्लीत भैयालालला सगळे वेडा समजतात, ते माझ्यामुळे.

अर्थात भैयालालनंही हातभार लावला होता. हैदराबादच्या मुलानं त्याला विजेवर मंद शिजवणारं भांडं पाठवलं, स्लो कुकर. भैयालाल त्याला 'सुस्त कुकर' म्हणायचा. मुलाला वाटलं, बाप एकटा आहे, खिचडी लावेल. बापानं पालेभाजी लावली. सकाळच्या चहानंतर चढलेली भाजी दिवस मावळताना उतरायची.

"एवढा वेळ कायले रे?" मी विचारलं.

"गुरुजी, शिट्टी ऐकली का भाजी भेवते. भेवलेली भाजी चामट होते. तिले निवांत झोपू द्या."

कोणी झाकणाला हात लावला की "झोप मोडली न तिची!" म्हणून ओरडायचा. लाइन गेली की स्वतःची चादर भांड्याला पांघरायचा आणि आपण कुडकुडत बसायचा. अंबाडी, तरोटा, धोप्याची पानं, मिळेल ते. देठाच्या शिरा सोलायच्या, लसूण ठेचायचा, मूठभर चणाडाळ टाकायची. पाणी जेमतेम. "पानाच्या पोटात पाणी हाय, वरून कायले?" आणि कसोटी एकच : "भाजी जिभेनं तुटली पाहिजे."

हे म्हणणाऱ्याचे स्वतःचे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत. ऊस दातांनी सोलायचा.

रोज संध्याकाळी कुंपणावरून माझ्याकडे वाटी यायची. "मीठ कसं हाय, उद्या सांगा."

माझी अडचण वेगळी होती. मी गोंदियाहून कवळी बसवून आणली होती आणि गावाला कळू दिलं नव्हतं. पाल्याचा एक धागा तिच्याखाली गेला की ब्रह्मांड आठवायचं. पालेभाजी मी सोडलीच होती. वाटी शेळीपुढे जायची आणि दुसऱ्या दिवशी मी ठोकून द्यायचो, "मीठ एकदम बरोबर!"

शिवाय पानठेल्यावर मी त्याच्या नकला करायचो. "भैयालालनं भाजी चढवली तेव्हा नातू पाळण्यात होता, उतरवली तेव्हा बोहल्यावर!" त्याला 'भाजीची दाई' हे नावही मीच ठेवलं. पोरांनी ते त्याच्या तोंडावर म्हटलं, तेव्हा तो हसला. त्या संध्याकाळीही वाटी आली.

मग शेळी मेली. म्हातारी होती, भाजीवर आळ नको. संध्याकाळी वाटी आली आणि खायला कोणी नाही. फेकवेना. कवळी काढून ठेवलेली होती, तसाच बोळक्या तोंडात घास टाकला. अंबाडी होती. जीभ टाळूला लागली आणि पान विरघळलं.

तेव्हा मला ती लग्नाची पंगत आठवली. शेजारी भैयालाल होता. मी भजं चावता येईना म्हणून पत्रावळीखाली सरकवलं होतं. त्यानं पाहिलं होतं. माझ्यासाठी पुन्हा कढी मागवली होती. वाट्या त्यानंतरच सुरू झाल्या होत्या.

एकच गोष्ट खटकली. भाजीत मिठाचा कण नव्हता.

दुसऱ्या दिवशी रिकामी वाटी घेऊन मी कुंपणाशी गेलो. माफीचं वाक्य सकाळपासून घोकत होतो.

"मीठ कसं हाय, गुरुजी?"

"मीठच नव्हतं," तोंडातून निघून गेलं.

भैयालाल थबकला. मग सगळे बत्तीस दात दिसले. "म्हणजे काल तुमीच खाल्ली!"

"तुला माहीत होतं?"

"पोळ्यापासून मीठ टाकणं बंद हाय. तुमी रोज म्हणून राहिले, एकदम बरोबर."

"मग पाठवत काऊन राहिला?"

"कधीतरी खाल म्हणून." त्यानं वाटी घेतली, उलटी करून पाहिली, उगाच धोतराला पुसली.

शेळी, नकला, ते नाव, सगळ्याची माफी माझ्या जिभेवर आली होती.

"लसूणही कमी होता," मी म्हणालो.